दोन सूत

स्वतःच्याच गॅरेजमध्ये पाऊल टाकायला बंदी असलेला अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातला एकमेव घरमालक म्हणजे विक्रम कबनूरकर. घर त्याचं, गॅरेज त्याचं, पण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून आत जायची सोय उरली नव्हती. दोन्ही गाड्या ड्राइव्हवेवर उन्हात उभ्या होत्या, लॉनमोअर ताडपत्रीखाली होता, आणि घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारावर एक कागद चिकटवलेला होता: 'नो डॅड्स'. खाली बारीक अक्षरात, 'आई इज ओके'.

ही पाटी त्याच्या मुलीने, इलाने लावली होती. विक्रमची बायको विनीता मूळची पुण्याची. तिने कागद वाचला, जरा मागे सरकून पुन्हा वाचला आणि कौतुकाने म्हणाली, "काही म्हण विक्रम, हे रक्तातच असावं लागतं."

इला त्यांची एकुलती एक. वय एकतीस, जन्म मिनिआपोलिसचा. मराठी सगळं समजायचं, बोलायची मोजकं. मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि पेसमेकर बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. तेव्हा विक्रम मंडळाच्या गणपतीत भेटेल त्याला पेसमेकर कसा चालतो ते समजावून सांगायचा, मग समोरच्याचं हृदय कितीही ठणठणीत असो. आणि तीन वर्षांपूर्वी एका रविवारी जेवताना इलाने सांगितलं, की तिने ती नोकरी सोडली आहे आणि शेजारच्या गावात मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला लागली आहे.

विक्रमच्या हातात पुरणपोळीचा घास होता. तो खाली ठेवून तो म्हणाला, "हात काळे करायला शिकवलं का तुला एवढं?"

इलाने ताट उचललं, घासलं, पुसून जागेवर ठेवलं आणि ती निघून गेली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं वाढदिवस आणि हवामान या दोनच विषयांवर येऊन थांबलं होतं. मिनेसोटात हवामानावर बरंच बोलता येतं हे खरं, पण तीन वर्षं म्हणजे अतीच झालं.

मग या मे महिन्यात तिचा आईला फोन आला. तिला एक मोटारसायकल बांधायची होती. अपार्टमेंटला गॅरेज नाही, दुकानात घरचं काम करायला जागा नाही. सहा आठवडे तुमचं गॅरेज मिळेल का? विनीताने विक्रमकडे न बघताच हो म्हणून टाकलं. अट एकच होती, आणि ती दारावर चिकटली.

विक्रमने अट मान्य केली. मान्य कसली, झडप घालून घेतली. पोरगी रोज संध्याकाळी पाच वाजता घरी येणार होती; भिंतीपलीकडे का होईना, येणार होती. एक दिवस तिने आपल्याला त्या दारातून आत बोलवावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती त्याला आतून इतकी कुरतडत होती की विनीतापाशीही तो ती बोलून दाखवत नव्हता. आतल्या दाराला कुलूप नव्हतं. इलाने फक्त बाहेरच्या मोठ्या दाराच्या कीपॅडचा वीस वर्षांचा जुना कोड बदलला होता. दिवसा ती नसताना आत डोकावणं अगदीच सोपं होतं. पण शब्द दिला म्हणजे दिला. कबनूरकर मुळात हट्टी, आणि स्वतःशी तर फारच.

विनीता रोज चहा घेऊन आत जायची आणि बाहेर येऊन बातम्या द्यायची. ती फार्मासिस्ट. वीस अक्षरी औषधाचं नाव झोपेतही चुकायची नाही, पण मोटारसायकलच्या बाबतीत सगळा आनंद होता.

"आज तिने तो अल्युमिनियमचा सांगाडा स्टँडवर चढवलाय."

"फ्रेम."

"तेच ते. आणि खाली एक मोठं, काळं, तुझ्या प्रेशर कुकरसारखं काहीतरी ठेवलंय."

"इंजिन असेल, विनीता."

"असेल. मला काय विचारतोस? पाटीवर मला बंदी नाही म्हणून मी जाते, बस."

अशा तुकड्या-तुकड्यांतून विक्रमला चित्र दिसायला लागलं. फ्रेम पाचच वर्षांपूर्वीच्या डर्ट बाइकची होती. चिखलमातीत, टेकाडांवरून उड्या मारत पळवायची असते तसली. तिचं मूळ इंजिन फुटून गेलं होतं. आणि इलाला त्या जागी बसवायचं होतं पाचशे सीसीचं, एकाच सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, विस्कॉन्सिनमधल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ताडपत्रीखाली सापडलेलं, वयाने इलापेक्षा चार वर्षांनी मोठं. एवढी मोठी टू-स्ट्रोक इंजिनं आता कोणी बनवत नाही. त्यांच्यात भाग थोडे, ताकद अफाट आणि स्वभाव तापट. नवी फ्रेम म्हणजे हलकी, लवचीक, वळणावर लोण्यासारखी. दोन्हींतलं चांगलं हवं तर एकात दुसरं बसवायचं. आणि अडचण अशी, की ते बसत नाही. भाच्याच्या मापाचा कोट पैलवान मामाच्या अंगात घालायचा प्रकार. इथे कापा, तिथे भर घाला, नव्या पट्ट्या कापून नवी भोकं पाडा.

हे सगळं कशासाठी, तर जूनच्या शेवटच्या शनिवारसाठी. तासदीड तासावर दक्षिणेला एक उभी टेकडी आहे. तिथे दर वर्षी फक्त टू-स्ट्रोकवाल्यांची चढण असते: खालून सुटायचं, वर पोचायचं, बस. गेल्या वर्षी इला कोणाची तरी बाइक मागून घेऊन गेली होती. दोन तृतीयांश चढल्यावर बाइकचा दम संपला आणि इला आणि बाइक, दोघी हातात हात घालून सगळ्या लोकांसमोर खाली आल्या. विनीताने ही बातमी फार जपून दिली होती. विक्रमला त्या रात्री जेवण गेलं नाही.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक छोटी खिडकी आहे. पाटीचा अर्थ 'आत येऊ नये' एवढाच होता. बाहेरून बघू नये असं कुठे लिहिलं होतं? विक्रम गवत कापायला लागला. सोमवारी कापलं, बुधवारी कापलं, शुक्रवारी परत. खिडकीखालचा पट्टा तर त्याने इतका घोटला की तिथे कॅरम खेळता आला असता. शेजारची कॅरल कुंपणापलीकडून म्हणाली, "विक्रम, युअर ग्रास लुक्स... टायर्ड." तो हसला आणि मोअर परत वळवला.

अशाच एका संध्याकाळी, ऊन तिरपं आत शिरलेलं असताना, त्याला खिडकीतून बाइक बरोबर पाठीमागून दिसली. इंजिन बसलेलं होतं. मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवरून निघालेली चेन पुढे इंजिनच्या छोट्या चकतीपर्यंत गेली होती, आणि पुढे जाता जाता ती किंचित आत वळत होती. दुसरा कोणी असता तर त्याला काही दिसलं नसतं. विक्रमला दिसलं, आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यात चाळीस वर्षांत न ऐकलेल्या आवाजात एक वाक्य उमटलं: 'इंजिन डावीकडं घे. दोन सूत.'

त्याने मोअर बंद केला. तसाच स्वयंपाकघरात गेला.

"विनीता, तिला सांग, चेन सरळ नाहीये. अशीच चालवली तर उडेल, टेकडीवर उडाली तर... ते सांगू नकोस. एवढंच सांग, इंजिन दोन सूत डावीकडे घे."

"दोन सूत डावीकडे," विनीताने पाठ केलं आणि चहा घेऊन ती आत गेली. दारामागून विक्रमला सगळं ऐकू आलं.

"बाबा म्हणतात, इंजिन दोन सूत डावीकडे घे."

"दोन काय?"

"सूत, सूत."

"हाऊ डज ही नो?"

"गवत कापताना दिसलं म्हणे."

मग इलाचा आवाज आला, "ओके."

त्या एका 'ओके'वर विक्रम दोन दिवस तरंगत होता. तिसऱ्या दिवशी त्याने खिडकीतून पाहिलं, तर चेन तशीच वाकडी. चौथ्या दिवशी इला मागचं चाक हाताने फिरवत होती, चेन कुरकुरत होती, आणि मग ती स्टुलावर बसली आणि तिने डोकं दोन्ही हातांत धरलं. शनिवार आठ दिवसांवर आला होता. विक्रम मोअरच्या दांड्याला धरून उभा राहिला. तिने ऐकलं नव्हतं. आणि का ऐकावं? काळ्या हातांवरून पोरीला जेवत्या ताटावरून उठवणाऱ्याने आता सल्ले कशाला द्यावेत? त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे, की तिचं काही चुकत होतं असं त्याला म्हणता येईना.

मंगळवारी सकाळी रिसायकलिंगचा निळा डबा तो रस्त्याच्या कडेला ढकलत नेत होता. वाऱ्याने झाकण उघडलं आणि वरचा एक कागद उडून त्याच्या पायाशी आला. उचलला तर इलाचं अक्षर. इंजिनचं सुबक रेखाचित्र, बाण डावीकडे. त्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं: 'टू सूत (बाबा)'. आणि त्याच्या शेजारी पारदर्शक टेपखाली, एकमेकांना चिकटून, पांढऱ्या सुताचे दोन धागे.

विक्रम तिथेच थांबला.

धाग्यांच्या पुढे पाच आकडे होते. वर्नियरने पाच ठिकाणी जाडी मोजून सरासरी काढलेली: एक धागा, अर्धा मिलिमीटर. दोन धागे, एक. खाली अधोरेखित वाक्य: 'मेक स्पेसर, एक मिलिमीटर. बाबा सेज लेफ्ट.'

ते सूत कुठून आलं हेही त्याला लगेच कळलं. दोन आठवड्यांपूर्वी वटपौर्णिमा झाली होती. ईडन प्रेरीत वड कुठला. विनीता मागच्या अंगणातल्या मेपललाच सात फेरे घालते. झाड आजारी आहे का, असं कॅरलने एकदा काळजीने विचारलंही होतं. लहानपणापासून ती सूतगुंडी इला धरायची. तिला आयुष्यात माहीत असलेलं सूत ते एवढंच. बाबा म्हणाले दोन सूत, तिने दोन धागे मोजले. थट्टा केली नाही, आईला परत विचारलं नाही. पाच ठिकाणी मोजून सरासरी काढली!

विक्रम हसायला लागला. कडेला उभं राहून, निळ्या डब्यावर हात टेकून, पोट धरून हसला. आणि हसता हसता डोळे पुसू लागला, कारण तिने ऐकलं होतं. त्याच्या पोरीने त्याचं अक्षरशः ऐकलं होतं. कचऱ्याचा ट्रक येऊन थांबला होता. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, "यू ओके, सर?" विक्रम कागद छातीशी धरून म्हणाला, "व्हेरी ओके."

घरात येईपर्यंत मात्र हसू मावळलं. चूक सांगायला हवी होती, आणि ती सांगायची तर दुसरंही काहीतरी सांगावं लागणार होतं, जे त्याने एकतीस वर्षं पोरीपासून चोरून ठेवलं होतं.

विक्रम इचलकरंजीचा. त्या गावात सूत म्हणजे यंत्रमागावर चढतं ते. गल्लीगल्लीतून, लोकांच्या केसांत, चहाच्या कपातसुद्धा सापडतं ते. आणि लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी सूत म्हणजे माप. त्याचे वडील, आबा, मागाचे सुटे भाग लेथवर कातून द्यायचे. त्यांच्या नखांतलं काळं ऑइल दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही निघायचं नाही. इलाला त्याने काय सांगितलं होतं? 'आजोबांचा बिझनेस होता.'

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी विक्रमने स्वतःच्या घराचं दार स्वतः वाजवलं.

"इट्स ओपन, आई."

"आई नाही."

आतला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "डॅड. रूल आहे."

"माहितीये. मी बाहेरच आहे. तुझा कागद द्यायचाय."

दार उघडलं. इला ग्लव्हज काढत उभी होती, कपाळावर ग्रीसचा पट्टा. तिने कागद पाहिला. "ते ट्रॅशमधलं आहे."

"रिसायकलिंगमधलं," विक्रम म्हणाला, कारण तो तसाच माणूस आहे. मग म्हणाला, "इला, सूत म्हणजे दोरा नाही. म्हणजे दोरा आहेच, पण हे सूत ते नाही. हे माप आहे. इंचाचा आठवा भाग."

इलाने कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग टू सूत म्हणजे... क्वार्टर इंच?"

"हो."

"बाबा!" ती ओरडलीच. "यू लिव्ह इन अमेरिका! क्वार्टर इंच म्हणायचं ना! इथे सगळे इंचातच बोलतात!"

अमेरिकेने मेट्रिक मापं का घेतली नाहीत यावर तीस वर्षं विक्रम पार्ट्यांमधून भाषणं देत आला होता, आणि वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडून इंचही निघाला नव्हता, मिलिमीटरही नाही.

"पण एट्थ ऑफ अॅन इंचला थ्रेड कोण म्हणतं?"

"माझे वडील म्हणायचे."

"आजोबा? बट ही हॅड अ बिझनेस."

"बिझनेस नव्हता," विक्रम म्हणाला. "लेथ होता. तोही दुसऱ्याच्या शेडमध्ये. आबा टर्नर होते." आता सुरुवात झालीच होती तर तो थांबला नाही. "मी सातवीत पहिला आलो. बक्षीस समारंभाला ते कामावरून तसेच आले, काळे हात घेऊन, शेवटच्या रांगेत उभे राहिले. मी बक्षीस घेतलं आणि दुसऱ्या दाराने पळून गेलो, ते माझे वडील आहेत हे कोणाला कळू नये म्हणून. त्यांनी घरी आल्यावर बक्षिसाचं पुस्तक बघायला मागितलं, आणि आधी हात धुऊन आले." त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "त्या रविवारी तुला जे बोललो ना, ते तुझ्यामुळे नव्हतं. ते माझं होतं. चुकलो मी. तीन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं."

इलाने दोन्ही हात त्याच्यापुढे पालथे धरले. नखांच्या कडा काळ्या होत्या.

"असे होते?"

"अगदी असेच."

तिने हात तसेच धरून स्वतःच एकदा नीट पाहून घेतले, जसे काही नवीन आहेत. मग दारातून बाजूला झाली. "शूज घालून ये. फ्लोअरवर मेटल आहे. फक्त आज हं, ओके?"

"फक्त आज," विक्रम म्हणाला आणि आत गेला.

पुढचा तास त्याने असा काढला, की लहान मूल मिठाईच्या दुकानातसुद्धा जास्त शांत असतं. सगळ्याला हात लावून झाला. मग तो म्हणाला, "सूत लागेल. खरं सूत." विनीताला हाक गेली. ती देवघरातली सूतगुंडी घेऊन आली आणि कशाला हवी ते कळल्यावर दारातच थांबली.

"पूजेचं आहे हे, विक्रम! सात जन्म तूच मिळावास म्हणून गुंडाळते मी ते."

"मग या जन्मातलं एक काम होऊ दे त्याच्याने."

विनीताने गुंडी दिली, आणि एक स्टूल ओढून बसलीसुद्धा.

विक्रमने सुताचं एक टोक मागच्या चकतीच्या सपाट बाजूला टेकवून धरलं, इलाने दुसरं टोक ताणून पुढे नेलं. पांढरी रेघ हवेत सरळ उभी राहिली. पुढची चकती त्या रेघेपासून आत, अंतर राखून. इलाने वर्नियर लावला. "फाइव्ह पॉइंट थ्री." मग ती थांबली. "प्लस माझा वन मिलिमीटर. सिक्स पॉइंट थ्री." तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि हळूहळू मान वर केली. "दोन सूत. बाबा, यू सॉ दॅट फ्रॉम द विंडो?"

"काच जरा मळकी होती," विक्रम म्हणाला. "नाहीतर आणखी नीट सांगितलं असतं."

कोपऱ्यात इलाने आणलेला छोटा लेथ होता. इंजिन डावीकडे सरकवायचं तर इंजिन आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत बसणारी डावीकडची रिंग तासून बारीक करायची आणि उजवीकडे नवी, जाड रिंग कातायची. इलाने त्याच्याकडे पाहिलं. विक्रमने काही न सांगता घड्याळ काढलं, अंगठी काढली, शर्टाच्या बाह्या कोपरावर दुमडल्या. फिरत्या यंत्रापाशी अंगावर काही लोंबतं ठेवायचं नाही. हे आबांनी त्याला नवव्या वर्षी शिकवलं होतं आणि ते कुठेही गेलं नव्हतं. इला बघत होती. "वॉव," ती हळूच म्हणाली.

पहिली रिंग त्याने बिघडवली. चांगलं एक सूत जास्त कापली. त्रेचाळीस वर्षांनी हात लावल्यावर दुसरं काय होणार? त्याला लाज वाटली, पण इलाने ती रिंग उचलून भंगारात टाकली आणि दुसरा तुकडा पुढे केला, जशी दुकानात कोणाही कारागिराला देत असेल तशी. दुसरी मापात उतरली. अल्युमिनियमची चमकदार कात्रणं त्याच्या मनगटावर पडत होती, गरम, आणि तो मोठ्याने कसलं तरी गाणं म्हणत होता ज्याचे शब्द त्याला येत नव्हते.

बुधवारी त्याने पुन्हा दार वाजवलं. "आज?" "आज चालेल." त्या दिवशी वरच्या पट्ट्यांना नवी भोकं पडली. इंजिन सरकलं आणि त्याचा फायदा असा, की इतके दिवस फ्रेमला घासणारा एक्झॉस्टचा फुगीर पाइपही सुटा झाला. चाक फिरवलं, चेन आता कुरकुरेना. गुरुवारी परत टकटक, परत "आज चालेल". विनीता म्हणाली, "अरे, वाजवतोस कशाला रोज? जा की सरळ." पण विक्रमची छाती होईना. दिलेली गोष्ट परत जाईल अशी त्याला धास्ती होती.

गुरुवारी सहा वाजता इलाने मोठं दार वर केलं, बाइक ड्राइव्हवेवर काढली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत ओतलं आणि किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी. चौथ्या किकला इंजिनने उलटा झटका देऊन तिला जवळजवळ फेकूनच दिलं. विनीता ओरडली. इला हसली, बूट घट्ट केला, आणि सातव्या किकला ते पेटलं.

काय आवाज! कॅरलच्या घरातला कुत्रा सोफ्याखाली गेला तो रविवारीच बाहेर आला म्हणे. निळा धूर सगळ्या अंगणावर पसरला, जळक्या ऑइलचा तो गोड वास आला, आणि विक्रम डोळे मिटून, दोन्ही हात वर करून धुरात उभा राहिला. विनीता टॉवेलने धूर हाकलत म्हणत होती, "अरे, अलार्म वाजेल! विक्रम! हे असंच असतं का?" तो ओरडून म्हणाला, "असंच असतं!"

शनिवारी टेकडीच्या पायथ्याशी सत्तरएक बाइकी होत्या आणि टेकडी फोटोत वाटली त्याहून उभी होती. विनीता डोळे मिटून बसली आणि कोणीतरी सांगेपर्यंत उघडणार नाही म्हणाली. इलाने हेल्मेट घातलं. विक्रमने शेवटचं एकदा गुडघ्यावर बसून चेन बोटाने दाबून पाहिली. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, तोंडून निघालं ते, "सावकाश." टेकडी चढणाऱ्याला याहून निरुपयोगी सल्ला नसेल.

इला सुटली. पहिल्या टप्प्याला मागचं चाक माती उडवत सरकलं, सावरलं. दुसऱ्या टप्प्याला पुढचं चाक हवेत उठलं, पुन्हा टेकलं. गेल्या वर्षीची जागा आली, जिथून ती घरंगळली होती. इंजिनचा आवाज खाली आला, अडखळला. मग इलाने मूठ पिळली आणि तो पाचशे सीसीचा म्हातारा नव्या कोटात असा काही गरजला, की ती जागा मागे पडली, आणि माथा आला, आणि माथ्याच्या वर क्षणभर बाइकच्या दोन्ही चाकांखाली नुसतं आभाळ दिसलं. मग ती पलीकडे दिसेनाशी झाली.

"आली का? पडली का? सांगा कोणीतरी!" विनीता ओरडत होती.

विक्रमला सांगता येईना. तो नाचत होता. एकसष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघ्यांचं दुखणं विसरून, अनोळखी दाढीवाल्या माणसांच्या गळ्यात पडून नाचत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, "माय डॉटर! माय फादर वॉज अ टर्नर!" त्या बिचाऱ्यांना दुसऱ्या वाक्याचा पहिल्याशी संबंध लागला नाही, पण त्यांनीही त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

घरी परतले तेव्हा अजून लख्ख उजेड होता. ट्रेलरवरून बाइक उतरवली. इला दोन्ही हातांनी हँडल धरून बाइक पेलत होती, अंगभर चिखल, दात तेवढे पांढरे.

"बाबा, डोअर उघड ना."

विक्रम घाईघाईने कीपॅडपाशी गेला आणि थांबला. "कोड?"

"टू सूत," इला म्हणाली. "इन मिलिमीटर्स."

तो कीपॅडकडे बघत उभा राहिला. एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार. त्याचा चौथा भाग. सहा पूर्णांक पस्तीस. त्याने काळ्या बोटाने एकेक बटण दाबलं: शून्य, सहा, तीन, पाच. मोठं दार घरघरत वर जाऊ लागलं.

"कधी बदललास?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, कारण बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"मंगळवारी. त्याच दिवशी. पण यू केप्ट नॉकिंग." इलाने बाइक आत ढकलायला सुरुवात केली. "बाबा, हात लाव ना. जड आहे ही."

त्याने मागून हात लावला. कीपॅडच्या चार बटणांवर त्याच्या बोटाचे काळे ठसे उमटले होते. विनीता ते पुसायला गेली, तर तो आतूनच म्हणाला, "राहू दे ते."